दोन कर्ण्यांची जुनी पेटी



इतिहास म्हटला म्हणजे किल्ले, लढाया आणि तहनामे एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. शालेय पुस्तकांची वहिवाटच तशी आहे. आज ज्या वस्तूचा इतिहास मी आपणांपुढें मांडणार आहें, ती वस्तु आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं माळ्यावर किंवा दिवाणखान्यांतील कपाटावर धूळ खात पडलेली असेल. वरच्या अंगास तबकडी फिरविण्याचें चाक, पुढच्या अंगास रेडिओची कांटा-पट्टी, कांहीं पेट्यांत कॅसेट बसविण्याचा कप्पा, आणि दोन बाजूंस तारांनीं जोडलेल्या दोन लहान स्पीकर-पेट्या, असें तिचें रूप असतें. ‘कॉम्पॅक्ट स्टिरिओ’ हाच शब्द आपल्याकडे रूढ आहे आणि मीही तोच वापरणार आहें. ही पेटी बिघडली म्हणजे टाकावी, दुरुस्त करावी, कीं नवे भाग घालून तिचें रूपांतर करावें, असा प्रश्न घरोघर पडतो. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं ही पेटी अशी कां घडली हें पाहणें अवश्य आहे. तिच्यांतील जवळजवळ प्रत्येक भागास कांहींतरी कारण आहे, आणि तें ठाऊक नसलें तर दुरुस्त करणारा उपकार करावयास जातो आणि अपकार करून बसतो.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, दोन कर्णे हा शोभेचा प्रकार नव्हे. आवाज उजवीकडून आला कीं डावीकडून, हें मनुष्य आपल्या दोन कानांस पोंचणाऱ्या ध्वनींतील सूक्ष्म फरकावरून ओळखतो. १८८१ सालीं पॅरिस येथील विद्युत्-प्रदर्शनांत क्लेमाँ आदेर या फ्रेंच यंत्रज्ञानें ऑपेरागृहाच्या रंगमंचावर टेलिफोनचे ध्वनिग्राहक ओळीनें मांडले आणि प्रदर्शनांतील श्रोत्यांच्या दोन कानांस दोन निरनिराळीं श्रवणयंत्रें दिलीं. गायक रंगमंचावर इकडून तिकडे गेला कीं त्याचा आवाजही सरकतो, असा चमत्कार लोकांनीं अनुभविला. परंतु ही युक्ति घरच्या तबकडींत उतरावयास पुढें पाऊणशें वर्षें लागलीं.

या मधल्या काळांतील खरा पुरुष म्हणजे ॲलन ब्लमलाइन. हा इंग्रज इंजिनियर ई. एम. आय. कंपनींत काम करीत असे. १९३१ सालीं तो आपल्या भावी पत्नीसह बोलपट पाहावयास गेला असतां, नट पडद्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास जातो पण त्याचा आवाज मात्र जागचा हलत नाहीं, हें त्याच्या मनास खटकलें, अशी हकीकत सांगतात. त्याच वर्षीं १४ डिसेंबर रोजीं त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला. त्यांत सत्तर कलमें होतीं, आणि एकाच चरींत दोन आवाज कसे कोरावे याची रीत त्यांतच सांगितलेली होती. चरीच्या दोन भिंती एकमेकींस काटकोनांत ठेवावयाच्या; एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा; आणि सुई मात्र एकच. १९३४ च्या जानेवारींत सर टॉमस बीचम हे लंडनच्या ॲबी रोड येथील ध्वनिमुद्रणगृहांत मोझार्टची रचना बसवीत असतां, ब्लमलाइननें ती या रीतीनें मुद्रित केली. तो काळ मंदीचा होता. कंपनीनें प्रयोग बाजूस ठेविला, आणि ब्लमलाइन दूरचित्रवाणीच्या व नंतर रडारच्या कामाकडे वळला. ७ जून १९४२ रोजीं रडारची चांचणी चालली असतां हॅलिफॅक्स जातीचें विमान कोसळून तो मरण पावला. त्याचें वय अवघें अडतीस वर्षांचें होतें. दोन भिंतींच्या चरीची तबकडी लोकांच्या हातीं आली ती १९५८ च्या सुमारास. ज्यानें ती कल्पिली त्यास ती बाजारांत पाहावयास मिळाली नाहीं.

तबकडी आली, परंतु तिच्याबरोबर घरांत एक तंटाही आला. खर्जाचा आवाज नीट उठावा म्हणून त्या काळीं स्पीकर थोरल्या लांकडी कपाटांत बसवीत. एक कपाट दिवाणखान्यांत कसेंबसें मावे. आतां दुसरें ठेवावें कोठें? ज्या गृहिणींनीं त्यास विरोध केला असेल त्यांची बाजू मला तरी रास्त वाटते. सुदैवानें तोड चार वर्षें आधींच निघालेली होती. अमेरिकेंत एडगर व्हिल्चर व त्यांचे विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनीं १९५४ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील केंब्रिज येथें एक कंपनी काढली आणि लहान हवाबंद पेटींत स्पीकर बसवून दाखविला. स्पीकरचा पडदा पूर्वीं ताठ कमानीच्या जोरावर जागेवर परतत असे. व्हिल्चर यांनीं तो सैल ठेवला आणि पेटींत कोंडलेल्या हवेकडूनच कमानीचें काम करून घेतलें. पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढ्या पेटींतून मृदंगाचा घुमारा निघूं लागला. अशा स्पीकरास वीज अधिक लागते. पण १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जन्मलेला ट्रान्झिस्टर तोंपर्यंत वयांत आला होता, आणि तापट व्हॉल्व्हांची जागा त्यानें घेतली. क्लॉस यांनीं १९५७ सालीं दोन सहकाऱ्यांसह के. एल. एच. ही कंपनी काढली, आणि तिनें १९६२ सालीं सबंध स्टिरिओ एका प्रवासी पेटींत भरून विकावयास काढला. पुढें १९६३ सालीं फिलिप्स कंपनीनें बर्लिनच्या प्रदर्शनांत कॅसेट मांडली, आणि कांहीं वर्षांनीं तीही या पेटींत येऊन बसली. तबकडी, रेडिओ आणि कॅसेट, तिन्ही एका ठिकाणीं. म्हणून आपल्याकडे ‘थ्री-इन-वन’ हें नांव रूढ झालें.

या इतिहासांत एक गोष्ट सहज नजरेआड होते, आणि माझ्या मतें तीच सर्वांत महत्त्वाची आहे. या जुन्या यंत्रांच्या कर्त्यांनीं एक दार नेहमीं उघडें ठेवलेलें असे. १९२५ पासून तबकड्या विजेच्या साहाय्यानें मुद्रित होऊं लागल्या. त्यानंतर लवकरच चावीच्या ग्रामोफोनाचा अभ्रकी पडद्याचा डबा काढून त्याजागीं विजेचा पिकअप बसविण्याची चाल पडली. त्याची तार रेडिओच्या पाठीमागें जोडावयाची. आणि रेडिओ करणाऱ्यांनीं त्यासाठीं दोन छिद्रें मुद्दाम ठेवलेलीं असत. पुढें टेप आला तेव्हां जर्मन पद्धतीच्या पेट्यांच्या पाठीवर पांच टाचण्यांचें वाटोळें सॉकेट आलें. कित्येक रेडिओंच्या आंतल्या बाजूस कोणता व्हॉल्व्ह कोठें बसतो याचा तक्ता चिकटविलेला असे, आणि पुष्कळ पेट्यांबरोबर विद्युन्मंडलाचा सबंध नकाशा मिळत असे. कर्त्याची अपेक्षाच अशी होती कीं, ही पेटी कोणीतरी पुढें उघडील, आणि आपणांस ठाऊक नसलेलें कांहीं तिला जोडील. म्हणून आज एखादा तरुण आपला मोबाइल फोन जुन्या पेटीच्या टेप-सॉकेटास जोडून गाणीं ऐकूं लागला, तर त्यानें परंपरा मोडली असें मला वाटत नाहीं. त्याच्या पणज्यानें ग्रामोफोनास पिकअप लावला होता. पणतू तेंच करीत आहे. एक योग्य तार पुरते. पेटीस भोंक पाडावें लागत नाहीं, कीं आंतल्या एकाही डाखेस हात लावावा लागत नाहीं.

आपल्या देशांत या पेट्यांस विशेष दीर्घायुष्य लाभलें. परदेशी मालाच्या आयातीवर १९९१ पर्यंत कडक निर्बंध होते. आखातांत नोकरीस गेलेले, अमेरिकेंत शिकावयास गेलेले, किंवा बोटीवर काम करणारे लोक सुटीवर येतांना जी पेटी आणीत, ती त्या घराची कायमची मालमत्ता होई. तिचा सुटा भाग मिळणें दुरापास्त; म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील आणि गांवोगांवच्या कारागिरांनीं जी बुद्धि चालविली, तिचा इतिहास कोणी लिहिलेला मला आढळला नाहीं, आणि याचें मला वाईट वाटतें. एकच उदाहरण देतों. अमेरिकेंतील वीज सुमारें ११७ व्होल्टांची व सेकंदास ६० आवर्तनांची. आपली २३० व्होल्टांची व ५० आवर्तनांची. व्होल्टांचा फरक ट्रान्सफॉर्मर लावून निघतो. पण तबकडी फिरविणारी जुन्या तऱ्हेची मोटर आवर्तनांवर चालते. त्यामुळें येथें ती सहांस पांच या प्रमाणांत मंद होते. मिनिटास ३३ वर तृतीयांश फेऱ्या घ्यावयाच्या, त्या अठ्ठावीसही भरत नाहींत. काळी एकमध्यें गाइलेली चीज खालच्या सप्तकांतील काळी पांचच्या आसपास येऊन पडते, आणि लताबाईंचा आवाज कोणा भारदस्त गृहस्थाचा वाटूं लागतो! पुष्कळ घरांत तबकडीच खराब म्हणून दोष देत. जाणता कारागीर मात्र मोटरच्या टोंकावरील लहानशी पितळी पुली काढी, आणि सव्वापटीहून किंचित् कमी, म्हणजे बरोबर पांचांस सहा या प्रमाणांत जाड, अशी दुसरी पुली लेथवर कातून बसवी. हें रूपांतर खरें. पण तें यंत्रास त्याच्या मूळ धर्मावर परत आणणारें रूपांतर आहे.

आतां प्रत्यक्ष दुरुस्तीकडे वळूं. जुनी पेटी वर्षानुवर्षें बंद असेल तर तिची वायर एकदम भिंतींतील सॉकेटांत खुपसूं नये. आपले कारागीर विजेच्या वाटेंत साधा तारेचा बल्ब जोडून आधीं पाहतात; त्यास ते ‘सिरीज’ म्हणतात. आंत कोठें तारांची गांठ पडली असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि पेटी वांचते. या कामीं हल्लींचा एल. ई. डी. दिवा उपयोगी नाहीं. पेटीचें झांकण उघडून हात घालणें हें ज्यानें तें काम शिकून घेतलें आहे त्याचेंच आहे. वायर काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरांत विजेचा सांठा राहूं शकतो.

हे कंडेन्सर हाच वृद्धत्वाचा पहिला बळी. त्यांतील ओल वर्षांनीं सुकते, आणि मग स्पीकरांतून भुंग्यासारखा गुंजारव येऊं लागतो, किंवा एका बाजूचा आवाज क्षीण होतो. ते बदलावे, त्यांत कांहीं पाप नाहीं. पण धारकता तीच ठेवून व्होल्टची मर्यादा तेवढीच किंवा अधिक घ्यावी. दुसरा बळी रबर. कॅसेटचा पट्टा सैल पडून कधीं कधीं अक्षरशः डांबर होतो, आणि तबकडीस फिरविणारें रबरी चाक कठीण पडतें. तिसरी गोष्ट वंगण. तबकडी आपोआप बदलणाऱ्या यंत्रांत कारखान्यांत घातलेलें ग्रीस कालांतरानें लाखेसारखें घट्ट होतें; हात अर्ध्या वाटेंत थांबला म्हणजे लोक ‘मशीन गेली’ म्हणतात, आणि मशीन तर शाबूत असते. तिला जोर करूं नये. जुनें वंगण पुसून काढून नवें, तेंही बेतानें, घालावें. आवाजाच्या गुंडीची खरखर ही तर निव्वळ धूळ व गंज यांची करामत आहे.

दमट हवेचे परिणाम आम्हां कोंकण-मुंबईच्या लोकांनीं निराळे जाणून घेतले पाहिजेत. १९७० नंतरच्या पुष्कळ स्पीकरांत पडद्याची कड स्पंजासारख्या फोमची असे. हा फोम हवेंतील ओलाव्यानें कुजतो आणि बोट लावतांच पीठ होतो. स्पीकर फेंकूं नये. नवी कड चिकटवितां येते. त्याहून जुन्या पेट्यांत पिकअपमधील स्फटिक रोशेल-मीठ नांवाच्या क्षाराचा असे. मीठच तें, पावसाळ्यांत विरघळावयाचेंच! असा पिकअप गेला असेल तर त्याजागीं सिरॅमिक जातीचा बसवावा. तो दमटपणास दाद देत नाहीं आणि मंडलास फारसा परकाही वाटत नाहीं. अगदीं आरंभींच्या ट्रान्झिस्टरांविषयीं एक सूचना. ते जर्मेनियमचे असत, आणि त्यांच्या जागीं आजचा सिलिकॉनचा तसाच ठोकून दिला तर आवाज फाटतो. कारण जागें होण्यास पहिल्यास पाव व्होल्टच्या आसपास दाब पुरतो, दुसऱ्यास त्याच्या दुपटीहून अधिक लागतो. अवतीभवतीचे रेझिस्टन्स त्या मानानें बदलावे लागतात.

हें सर्व दुरुस्तीसंबंधीं झालें. ‘सुधारणे’संबंधीं मात्र मला थोडें कडक बोलावयाचें आहे. गिरगांवांत माझ्या परिचयाच्या एका कुटुंबांत १९६० नंतरच्या दशकांतील एक विलायती पेटी होती. तिच्या पिकअपला एक लहानशी खिट्टी होती. ती अर्धा वेढा फिरविली कीं एका सुईच्या जागीं दुसरी सुई येई. चाकास ७८ फेऱ्यांचीही गति होती. घरांतील मुलांनीं हौसेनें ती पेटी एका दुकानांत दिली. दुकानदारानें पिकअप, त्याचा हात आणि मोटर, सर्व काढून टाकलें. नवा चुंबकी पिकअप बसविला. त्याचा विद्युद्दाब सिरॅमिकच्या मानानें शतांशाच्या घरांत असल्यामुळें त्यासाठीं निराळें वर्धक मंडल घातलें. आणि रेडिओच्या जागीं बिनतारी जोडणीची पट्टी लावली. लाँग-प्ले तबकड्या पूर्वींपेक्षां सुरेख वाजूं लागल्या, यांत शंका नाहीं. मुलें खूष झालीं.

मग घरांतील थोरल्या काकांनीं कपाटांतून बालगंधर्वांची, हिराबाई बडोदेकरांची आणि अब्दुल करीम खांसाहेबांची ठेव काढली. त्या सर्व ७८ फेऱ्यांच्या तबकड्या. नव्या मोटरला ती गतिच नव्हती. गति असती तरी भागलें नसतें. कारण ७८ च्या तबकडीची चर रुंद असते आणि तिला लाँग-प्लेच्या सुमारें तिप्पट जाड टोंकाची सुई लागते. बारीक सुई तिच्या तळाशीं घसरत, तेथील धूळ आणि खरखर तेवढी उचलून आणते. जुन्या पिकअपवरील ती क्षुद्र दिसणारी खिट्टी याचसाठीं होती. १९६० नंतरही आपल्याकडे ७८ च्या तबकड्या निघत होत्या. तेव्हां दोन्ही पिढ्यांचें संगीत एकाच हातानें वाजावें अशी ती सोय होती. काढलेले भाग दुकानदारानें भंगारांत दिले होते. काका कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं तबकड्या पुसल्या आणि परत पाकिटांत घातल्या.

या दुकानदारास मी अडाणी म्हणणार नाहीं; त्याचें डाखकाम सुबक होतें. त्यानें एकच प्रश्न विचारावयाचा राहिला, तो असा कीं, या घरांत काय ऐकतात?

याच्या उलट एक प्रकार सांगतों. दुसऱ्या एका घरीं आजीनें म्हटलेल्या ओव्यांची कॅसेट होती. मधून मधून हार्मोनियमचा सूर धरलेला. पेटींतील पट्टा सैल होऊन आवाज लडबडत होता. तेथील कारागीर वयानें लहान, पण त्यानें पट्टा बदलून झाल्यावर विचारलें, ती हार्मोनियम अद्यापि घरांत आहे काय? ती होती. त्यानें ती मागवून घेतली, सुनेस ओवींतला सूर धरावयास सांगितलें, आणि मोटरच्या पाठीमागील बारीक स्क्रू पेंचकसानें एवढा एवढा फिरवून दोन्ही सूर एकमेकांत मिळविले. कॅसेटची फीत सेकंदास पावणेपांच सेंटिमीटरच्या किंचित् वर धांवावयास हवी. ती शेंकडा सहांनीं चुकली कीं एका सुराचा, म्हणजे पांढरीवरून काळीवर जाण्याचा, फरक पडतो. त्या घरच्या लोकांस हा हिशेब ठाऊक नव्हता. पण सूर जुळला तेव्हां आजीचा आवाज आजीचाच झाला, हें ओळखावयास त्यांस हिशेबाची गरज पडली नाहीं. सूर मिळाल्यावर त्यानें ती कॅसेट आधीं संगणकावर उतरवून घेण्याचा आग्रह धरला, आणि मगच पैसे घेतले.

तेव्हां माझी विनंती अशी आहे. पेटी दुरुस्तीस देण्यापूर्वीं घरांतील तबकड्या व कॅसेटी एकदां मोजून, निवडून पाहाव्या. ७८ च्या किती, लाँग-प्ले किती, घरचे आवाज कोणत्या फितींवर आहेत, तें वडील माणसांस विचारून लिहून काढावें, आणि तो कागद कारागिराच्या हातीं द्यावा. जें नवें जोडावयाचें तें शक्य तोंवर पाठीमागच्या सॉकेटांतून जोडावें. आंतला भाग बदलावाच लागला, तर काढलेला भाग, मोडका असला तरी, परत मागून घ्यावा, आणि त्यास चिठी बांधून पेटीच्या तळाशींच ठेवावा. शिवाय कोणता कंडेन्सर, कोणता पट्टा, कोणती पुली, केव्हां व कोणीं बदलली, एवढें एका कागदावर शाईनें लिहून तो झांकणाच्या आंतल्या बाजूस चिकटवावा. व्हॉल्व्हांचा तक्ता जेथें चिकटवीत असत, तेथें त्यासाठीं जागा असतेच.